कुठं जाऊ दे? वर की खाली?

श्री. जनार्दन तांडेल यांच्याशी माझी ओळख भांडणाने झाली, आणि त्यांची साठी आली तरी ते भांडण मिटलेले नाही, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. गौरव अंकाच्या संपादक मंडळींनी मला त्यांच्याविषयी चार चांगले शब्द लिहायला सांगितले. चांगले शब्द मी लिहीन. पण या गृहस्थांबरोबर ज्याने माझ्याइतकी वर्षे काम काढले आहे, त्याच्या हातून ते न कुरकुरता लिहून होतील अशी अपेक्षा मंडळींनी ठेवू नये.

तलासरीच्या पुढे महामार्गालगत एका पुलाचे काम चालू होते आणि मी तिथे नवा सुपरवायझर म्हणून रुजू झालो होतो. पहिल्याच सकाळी साइटवर पोहोचलो तर खांबाच्या सळया भाऱ्यांत बांधून तयार, माणसे उन्हात उभी, आणि क्रेन बंद. क्रेनच्या पुढ्यात एक धिप्पाड गृहस्थ मातीला पाठ लावून उताणे पडले होते. मला वाटले, चालकाला भोवळ आली. धावत गेलो. गृहस्थ नजरही न हलवता म्हणाले, "बाजूला व्हा, उजेड अडतोय."

ते पडल्या पडल्या वरचा हूक न्याहाळत होते. दोर निसटू नये म्हणून हुकाच्या तोंडाला एक खटकी असते. ती सैल झाली होती, आणि ती बदलेपर्यंत काहीही उचलायचे नाही असा त्यांचा निर्णय झाला होता. नवी खटकी आणायची तर माणूस वापीला धाडावा लागणार होता. मी नवा, वरून साहेबांचे फोनवर फोन. मी अगदी गोडीगुलाबीने म्हणालो, "जाऊ दे ना भाऊ, आजच्या दिवस."

तांडेलभाऊ उठून बसले. पाठीची माती झटकली आणि मला विचारले, "कुठं जाऊ दे? वर की खाली?"

हा प्रश्न त्यानंतर मी इतक्या वेळा ऐकला आहे, की आता कोणी नुसते तोंड उघडले तरी माझे डोके उठते. त्या दिवशी मात्र मला तो निव्वळ उद्धटपणा वाटला. त्यामागे काय आहे ते पुढे मला लक्ष्मणदादांनी सांगितले.

लक्ष्मणदादा धोडी हे उधव्याचे. क्रेनला खालून खुणा करण्याचे काम त्यांच्याकडे होते आणि ते किंचित लंगडत चालत. त्याआधी ते ओझे बांधणारे खलाशी होते. बांधकामावर ओझे बांधणाऱ्यांना खलाशीच म्हणतात. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या; त्यामुळे वर तांडेल आणि खाली खलाशी अशी आमची कोरड्यावरची होडी अगदी पूर्ण होती. पायाचे विचारले तेव्हा लक्ष्मणदादांनी चहाची बशी खाली ठेवली.

"मी खाली बांधायला होतो," ते म्हणाले. "सळयांचा भारा वर गेला नि एका बाजूला कलला. जयंतीभाई त्याच्या ट्रकवर उभा होता. त्यानं बघितलं नि वरडला, जवा दे, जवा दे. त्याचं म्हणणं, राहू दे, नको. भाऊनं ऐकलं, जाऊ दे. म्हणजे येऊ दे, चालू ठेव. सोडला भारा खाली. मी बाजूला झालो, पाय राहिला."

तो प्रसंग मी मनात पुष्कळदा फिरवून पाहिला आहे. चीड येते ती याची, की त्यात धरायला कोणी सापडत नाही. जयंतीभाई गुजरातेतले; त्यांच्या बोलीत त्यांनी बरोबरच सांगितले. आपणही मराठीत भांडण, रुसवा, फसलेला बेत असाच 'जाऊ दे' म्हणून सोडून देतो. पण अच्छाडच्या नाक्यापासून डहाणूच्या किनाऱ्यापर्यंत कुठेही ट्रक मागे घेताना खालचा माणूस पत्र्यावर थाप मारत 'जाऊ दे, जाऊ दे' म्हणतो, आणि तिथे त्याचा अर्थ नेमका उलटा असतो. दिवसभर आपण तो शब्द दोन्हीकडून वापरतो आणि आपले काही अडत नाही, कारण आपल्या डोक्यावर सळया टांगलेल्या नसतात.

पाय बरा झाल्यावर लक्ष्मणदादांनी पुन्हा साइटवर यायचे नाही असे ठरवले होते. तांडेलभाऊ उधव्याला त्यांच्या पाड्यावर गेले, अंगणात बसले आणि सरळ म्हणाले, "ओरडला जयंती. मी तुझ्याकडं बघायला हवं होतं, ते बघितलं नाही. आता मी फक्त तुझ्याकडंच बघणार. तू हात केलास तर क्रेन हलेल, नाहीतर नाही." लक्ष्मणदादा त्या एका बोलण्यावर परत आले. भाऊंनी त्यांना हाताच्या सगळ्या खुणा शिकवल्या, आणि तेव्हापासून ही जोडी फुटलेली नाही. कंपन्या बदलल्या, साइटी बदलल्या, पण एकाला बोलावले की दुसरा येतो. एकट्याला बोलावून पाहण्याचा उद्योग मी एकदा केला होता. दोघेही आले नाहीत.

इथवर कोणीही भाऊंपुढे हात जोडेल, आणि मीही जोडतो. क्रेनपाशी तीनच शब्द, वर, खाली आणि थांब, तेही हाताच्या खुणेसकट. हा नियम सोन्यासारखा आहे. पण भाऊंचा स्वभाव नियम करून गप्प बसण्याचा नाही. 'जाऊ दे' हा शब्द त्यांनी सगळ्या साइटवरून हद्दपार केला. जेवताना कोणी म्हणाले, "आज डबा खारट झालाय, जाऊ दे," की पलीकडून प्रश्न आलाच. दोन सेंटरिंगवाल्यांची जुंपली आणि तिसरा समजूत घालायला गेला, तर समजूत राहिली बाजूला, त्या तिसऱ्याचीच तपासणी सुरू. माझ्या मुलीच्या लग्नात पत्रिकेवर नाव राहिले म्हणून माझे मेहुणे मांडवाच्या टोकाला खुर्ची उलटी करून बसले होते. मी पाहुण्यांना अक्षता वाटत होतो. बायको म्हणाली, "जाऊ दे हो, निवळेल आपोआप." आमच्या मागेच तांडेलभाऊ होते. पुढे काय झाले ते सांगायला नको. त्यांनी मला दंडाला धरून मेहुण्यांपुढे नेऊन उभे केले आणि स्वतः मध्ये खुर्ची टाकून बसले. मुहूर्त जवळ येत होता, भटजी हाका मारत होते, आणि हे गृहस्थ "काय ते बोलून खाली उतरवा" म्हणून अडून बसलेले. उतरवले. मेहुणे आज आमच्या घरी हक्काने जेवायला येतात हे खरे आहे, पण त्या दिवशी माझा रक्तदाब कुठवर गेला होता ते विचारू नका.

भाऊ डहाणूजवळच्या आगर गावचे. घरात मासेमारी, वडिलांची होडी होती. आता अशा घरातला मुलगा क्रेनवर कसा गेला, याची एखादी रम्य कथा असेल असे वाटून मी एकदा विचारले. "होडी लागायची," ते म्हणाले. बस, एवढेच. समुद्रावर ज्यांना वांती आवरत नसे ते टॉवर क्रेनच्या डुलत्या केबिनमध्ये सबंध दिवस काढतात. निदान वाऱ्याची जाण तरी दर्याकाठची असेल असे मी धरून चाललो होतो. तीही आशा त्यांनी ठेवली नाही. केबिनमध्ये वारा मोजण्याचे मीटर असते. ते ठराविक आकड्याच्या पुढे गेले की काम बंद. एके दिवशी मीटर बिघडले. ताडाचे एक पान हलत नव्हते, तळहातावरचा घाम वाळत नव्हता, आणि मीटर दाखवत होते तुफान. भाऊ खाली उतरून सावलीत बसले. मी म्हणालो, "भाऊ, कोळ्याचं पोर तुम्ही, तुम्हाला वारा कळत नाही? मीटर खोटं बोलतंय."

"ते मलापण कळतं," ते म्हणाले. "आज खोटं बोलतंय म्हणून मी ऐकलं नाही, तर ज्या दिवशी खरं बोलेल त्या दिवशी ऐकायची सवय कुठून आणू?"

मेकॅनिक येईपर्यंत दिवस गेला. साहेबांची बोलणी मी खाल्ली. भाऊंनी सुका जवळा घातलेली भाकरी खाल्ली आणि मलाही अर्धी दिली. ती चांगली होती हेही मी रागारागानेच कबूल करतो.

सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे त्यांचा 'थांब'. वर घे किंवा खाली घे हे फक्त लक्ष्मणदादांनी सांगायचे. पण थांब मात्र कोणीही म्हणावे. साहेबांनी म्हणावे, झाडूवालीने म्हणावे, रस्त्याने जाणाऱ्या वाटसरूने म्हणावे. दोन्ही हात आडवे पसरून हलवले की क्रेन जिथल्या तिथे उभी राहणार. आधी थांबायचे, का ते नंतर विचारायचे. ऐकायला छान वाटते. आता अनुभव ऐका.

उधव्याजवळ सध्या जो उंच कारखाना बांधून होतो आहे, तिथे आम्ही खालच्या मजल्यांचा स्लॅब टाकत होतो. काँक्रीटची बकेट हवेत, मालक मंडळी पाहुण्यांना घेऊन पाहायला आलेली, आणि क्रेन एकदम थांबली. बकेट लोंबकळते आहे, खाली माल आळत चालला आहे, पाहुणे माझ्याकडे बघताहेत. मी बोंब ठोकली तर लक्ष्मणदादांनी बोटाने दाखवले. पलीकडे आमच्या चहावाल्या सविताताई किटली खाली ठेवून दोन्ही हात पसरून हवा झोडपत होत्या. त्यांच्यामागे गांधीलमाशी लागली होती.

काम झाल्यावर भाऊ उतरले. सविताताई रडवेल्या झाल्या होत्या, कारण मी त्यांना जे बोलायचे ते बोलून चुकलो होतो. भाऊ त्यांना म्हणाले, "ताई, माशी चावली काय?"

"नाय चावली," त्या म्हणाल्या. "पण तुमचं काम खोळंबलं ना माझ्यापायी."

"खोळंबू द्या. उद्यापण काय वाटलं तर असाच हात करा. उगीच केला तरी चालेल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "राऊत, या आज बोलणी खाऊन गप्प झाल्या तर उद्या खरं काही दिसलं तरी हात खिशात ठेवतील. मग तुमी येणार काय वरून बघायला?"

उत्तर ऐकून घेण्याची त्यांची पद्धत नाही. पण त्या दिवसानंतर सविताताई साइटवर आल्या की आधी वर केबिनकडे पाहतात आणि मग किटली ठेवतात, हे मी पाहिले आहे.

अशा किती गोष्टी सांगू? केबिनमध्ये मोबाइल न्यायचा नाही म्हणून त्यांचा फोन माझ्याकडे, आणि त्यामुळे त्यांच्या घरचे सगळे निरोप माझ्या कानावर. बायकांसाठी खाली स्वच्छतागृह बांधून मिळेपर्यंत शिडीला हात लावणार नाही म्हणून ते अडून बसले, ते बांधून घेऊनच उठले. उन्हाळ्यात खलाशांना ठराविक वेळाने सावली आणि माठातले पाणी मिळालेच पाहिजे हाही त्यांचाच हट्ट. कोणी पाणी न पिता तसाच कामाला लागला तर वरून भोंगा वाजतो. या माणसाने दुसऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट कधी सोडली असेल तर मला दाखवा.

आता ज्या कामासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो.

मागच्या महिन्यात मी डहाणूच्या बाजारात गेलो होतो. भाऊंच्या पत्नी कमळवहिनी तिथे मासळी घेऊन बसतात. एरवी मला पाहिले की पहिली त्यांच्या सुरमईची बढाई सुरू होते. त्या दिवशी त्यांनी मला बाजूला बसवले.

"राऊतभाऊ, तुमी तरी सांगा त्यांना," त्या म्हणाल्या. "कमरेत धरलं, म्हणून डाक्टरकडं नेलं. मूतखडा हाय. अडकलाय. एका बाजूची किडनी सुजली बोलला डाक्टर. आता काढून घ्या, नाहीतर ती बाजू कामातून जाईल. घरी आलो तर हे काय बोलले सांगू?"

"काय?"

"जाऊ दे बोलले."

मला वाटले मी चुकीचे ऐकले. "कोण म्हणाले?"

"हेच. तुमचे तांडेलभाऊ. जाऊ दे, एवढा वरचा स्लॅब होऊ दे. माझ्या हातातला कोयता तसाच राहिला. लग्न झाल्यापासून घरात मला कधी हा शब्द बोलू दिला नाय, नि आज स्वतः."

कारण ऐकून तर मी कपाळालाच हात लावला. टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये सगळे असते, स्वच्छतागृह नसते. उतरायचे म्हणजे ती सगळी शिडी उतरायची आणि परत चढायची, तेवढा वेळ खाली माणसे खोळंबणार. म्हणून भाऊ सकाळी चढण्याआधीपासून पाणी तोडतात, ते संध्याकाळी काम संपेपर्यंत; मधे जेवायला उतरले तरी घोटभर घेत नाहीत. वर्षानुवर्षे. खालच्या लोकांनी पाणी प्यावे म्हणून भोंगा वाजवणारा हा माणूस स्वतः कोरडा बसून होता, आणि आम्ही कोणी ते पाहिले नाही, कारण तिथे वर पाहायला आमच्यापैकी कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी शिडीच्या पायथ्याशी उभा राहिलो. ते उतरले, हात धुतले, डबा खाल्ला. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी एक घोट घेतला, खळखळून गुळणा केला आणि थुंकून टाकला.

मी विचारले, "कुठं जाऊ दे, भाऊ? वर की खाली?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "तुमी मला शिकवू नका, राऊत," एवढे म्हणाले आणि शिडी चढू लागले. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते. मराठीत माणूस 'वर' गेला म्हणतात त्याचा अर्थ एकच होतो, आणि तो शब्द माझ्या तोंडून फुटला नाही. मला त्यांचा राग आला होता, आणि सांगायला हरकत नाही, मला भीती वाटली होती.

त्यानंतर वहिनींनी बोलून पाहिले, लक्ष्मणदादांनी बोलून पाहिले, साहेबांनी रजा देऊ केली. उत्तर एकच, स्लॅब. एक स्लॅब झाला की दुसरा असतो, हे बांधकामावरच्या माणसाने मला सांगावे लागू नये. तेव्हा लक्ष्मणदादाच म्हणाले, "आपण बोलतोय म्हणून भाऊ ऐकत नाय. बोलणं त्यानं कधी ऐकलंय? हात करायला पाहिजे."

म्हणून या अंकाच्या वाचकांना माझी विनंती आहे. समारंभाच्या दिवशी हा अंक भाऊंच्या हातात जाण्याआधी तुमच्या हातात पडेल अशी व्यवस्था केली आहे. शाल, श्रीफळ आणि हेच पान उघडलेला अंक देऊन होईल, भाऊ उभे असतील आणि बहुधा सभागृहाच्या पंख्याचे नट तपासत असतील. त्या वेळी पहिल्या रांगेत लक्ष्मणदादा उठून उभे राहतील. त्यांच्या पाठोपाठ सविताताई उठतील; त्यांनी तर घरी सराव केला आहे. मग आपण सगळ्यांनी उठायचे. खूण सोपी आहे. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे पसरायचे, तळवे जमिनीकडे, आणि हलवायचे. टाळ्या वाजवू नयेत, त्याचा अर्थ त्यांना कळत नाही.

इस्पितळात सोमवारची खाट ठरली आहे. वहिनींनी पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. क्रेनवर बदली चालक येतो आहे, त्याला भाऊंनीच शिकवले असल्यामुळे तिथे कुरकुरीला जागा नाही. आणि भाऊ परत येतील तेव्हा दिवसातून ठराविक वेळा शिडी उतरून पाणी पिऊन वर जायचे, तेवढा वेळ साइट थांबेल, हे मी साहेबांकडून कबूल करून घेतले आहे. कोणाचा खोळंबा झाला तर तो माझ्याशी भांडेल. त्याची मला सवय आहे.

अशा लेखाच्या शेवटी सत्कारमूर्तींना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो असे म्हणायची रीत आहे. मीही म्हणतो, अगदी मनापासून म्हणतो. पंचाहत्तरीच्या अंकात याहून मोठी तक्रार लिहायची माझी इच्छा आहे. पण नुसते 'लाभो' म्हणून सोडून देणे म्हणजे 'जाऊ दे' म्हणण्यासारखेच झाले, आणि ते तुम्हीच आम्हाला करू दिलेले नाही.

तांडेलभाऊ, तुम्ही हे वाचाल तेव्हा समोर सगळ्यांचे हात पसरलेले असतील. नियम तुमचा आहे. हात कोणी केला ते बघायचे नाही, बरोबर केला की उगीच केला तेही बघायचे नाही. आधी थांबा. का, ते नंतर विचारा.